पानाखालची फुली

सर,

तुमची ती फुली चुकीची होती. एवढं एक वाक्य लिहायला मला वीस-बावीस वर्षं लागली, आणि लिहून झाल्यावर मोकळं वाटायच्या ऐवजी डोकं आणखीच तापलं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, तापू दे की, थंड डोक्यानं कुणी गणित केलंय का. पण तुम्ही नाही, आणि माझं भांडण नेमकं तेच आहे. ज्या माणसाशी भांडायचं तो उठून निघून गेला, आणि जाताना काय चुकलं ते सांगून गेला नाही. आज रविवार आहे, सकाळपासून घरात कुणी नाही, समोर ते जुनं पान आहे, आणि मला कुणावर तरी ओरडायचं आहे. तुमच्याशिवाय दुसरं कोण आहे त्यासाठी?

ज्यांनी तुमच्या हाताखाली एम.एस्सी. केलं त्यांना तुमची फुली म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. बाकीचे सर चुकीच्या ओळीखाली लाल रेघ मारायचे, समासात काहीबाही लिहायचे, मार्क कापायचे. तुम्ही सगळं पान शांतपणे वाचायचात आणि त्यात कुठे चूक असली तर पानाच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात, पेन्सिलीनं एक बारीक फुली काढून पान परत द्यायचात. कुठली ओळ, कुठला शब्द, काही नाही. पान बरोबर असेल तर कोरंच परत यायचं आणि तुम्ही ऊस, पाणी, तुमच्या गावचा, करकंबचा बाजार असलं काहीतरी बोलत बसायचात. आम्ही मुलंमुली व्हरांड्यात उभं राहून आधी पानाचा कोपरा बघायचो. फुली दिसली की आता दोन दिवस, कधी आठवडा, ती चूक शोधण्यात जाणार हे ठरलेलं असायचं. एकदा कुणीतरी वैतागून म्हणालं, सर, नुसतं कुठं आहे तेवढं सांगा. तुम्ही म्हणालात, "दुसऱ्यानं दावलेली चूक ध्यानात ऱ्हात न्हाई. सोताला गावली की मरंस्तवर जात न्हाई." तुमचं हे तरी खरं होतं. मला न सापडलेलीसुद्धा मरेपर्यंत जाणार नाही अशी चिन्हं आहेत.

वीक डेरिव्हेटिव्हचा तुमचा पहिला तास मला अजून जसाच्या तसा दिसतो. मार्च महिना आहे, पण सोलापूरला मेपर्यंत थांबायची सवय नाही. वर्गाच्या खिडकीतून झळा येताहेत. वीज गेलेली आहे. तुम्ही गळ्यात तो पांढरा टॉवेल टाकून उभे आहात, जो माझे वडील माग चालवायचे त्या अक्कलकोट रोडच्या कारखान्यातला असणार असं मी उगाचच मनाशी ठरवून टाकलेलं आहे. तुम्ही फळ्यावर एक फंक्शन काढता. चढत येतं, मधे एक टोक करतं आणि उतरत जातं. म्हणता, ह्याला ह्या टोकावर डेरिव्हेटिव्ह न्हाई. सरळ इचारलं तर सांगनार न्हाई, लई तिरसट हाय. मग काय करायचं? ह्याला इचारायचंच न्हाई. मग तुम्ही शेजारी एक गुळगुळीत फंक्शन काढता, दोन्ही कडांना जाऊन गप शून्य होणारं, गरीब गाय असलेलं. त्याला आम्ही टेस्ट फंक्शन म्हणायचं. दोघांचा गुणाकार करायचा, इंटिग्रेट करायचं आणि डेरिव्हेटिव्हचं ओझं त्या तिरसटाच्या पाठीवरून उचलून ह्या गरिबाच्या पाठीवर ठेवायचं. "वझं दुसऱ्यावर टाकलं की एक मायनस पदरात पडतोच. त्येवढा घ्यायचा." असं एकेका टेस्ट फंक्शनला विचारत जायचं, आणि सगळ्यांची उत्तरं मिळून एकाच नव्या फंक्शनकडे बोट दाखवत असली, तर ते नवं फंक्शन म्हणजे आपल्या तिरसटाचा वीक डेरिव्हेटिव्ह. हा डेरिव्हेटिव्ह आहे आणि तो फार माजलेला नाही अशी सगळी फंक्शनं जिथे एकत्र राहतात, ती सोबोलेव्ह स्पेस. पुस्तकातली व्याख्या मी नंतर वाचली. ती वाचताना मला कळली, कारण ती करकंबच्या बोलीत मी आधीच ऐकलेली होती.

त्याच तासाला मी तुमच्याकडून पहिली बोलणी खाल्ली. तुम्ही उंबऱ्याचं उदाहरण काढलंत. इकडची फरशी सपाट, तिकडची फरशी सपाट, पण वरची, आणि मधे पायरीएवढा उंबरा. ह्याचा वीक डेरिव्हेटिव्ह काय? मी हात वर केला. घरी तेलुगू बोलणारी मी, शाळेतल्या पुस्तकी मराठीत, ठासून म्हणाले, सर, शून्य. इकडे उतार शून्य, तिकडे उतार शून्य, उंबऱ्याची तेवढी एक जागा सोडून दिली तर सगळीकडे शून्यच आहे. तुम्ही म्हणालात, "समदीकडं शून्य, तर मग ठेच कशानं लागली पोरी?" वर्ग हसला. मी रडवेली झाले, पण घरी जाताना बसमध्ये मला ते लख्ख कळलं. प्रत्येक ठिकाणी वेगवेगळं विचारलं तर उंबरा हातातून निसटतो. टेस्ट फंक्शन मात्र वरून चालत जातं, त्याला ठेच लागते. आज मी वर्गात हेच सांगते, ठेचेसकट. फक्त माझ्या मुलांना वाटतं की ते माझंच आहे, आणि मी ती समजूत दूर करत नाही.

एम.एस्सी.चा निकाल लागला तेव्हा तुम्ही पेढे आणले नाहीत. वर्तमानपत्रात गुंडाळलेली गुळाची एक मोठी ढेप माझ्या हातात ठेवलीत आणि म्हणालात, ह्यो खा, आनि आता पीएच.डी.ला नाव घाल. आमच्या घरी कुणी एवढं शिकलेलं नव्हतं. वडिलांनी तो गूळ देवापुढे ठेवला आणि आईनं तो कितीतरी दिवस पुरवून पुरवून वापरला. त्या गुळाच्या जोरावर मी तुमची विद्यार्थिनी झाले असं म्हटलं तरी चालेल.

आता त्या पानाकडे येते. माझा लेमा, पुढच्या मोठ्या प्रमेयांना टेकू देणारं छोटं प्रमेय, दिसायला साधा होता. एक प्रदेश घ्यायचा, त्याचे दोन तुकडे करायचे आणि चादरीचे दोन पट्टे शिवतात तसे ते जोडावर एकमेकांना लावायचे. इकडच्या तुकड्यावर एक चांगलं फंक्शन, तिकडच्या तुकड्यावर दुसरं चांगलं फंक्शन, आणि जोडावर दोघांच्या किमती जुळतात. मग दोन्ही मिळून होणारं फंक्शन अख्ख्या प्रदेशावर तितकंच चांगलं असतं. तुमच्या भाषेत, जोड ओलांडताना ठेच लागत नाही. जोड सरळ असेल किंवा साधा वाकडा असेल तर हे पुस्तकातच आहे. माझा जोड मात्र मधेच बाभळीच्या काट्यासारखा निमुळता होत एका टोकाला जात होता आणि तिथून परत फिरत होता. त्या टोकापाशी पुस्तकातली हत्यारं चालत नाहीत. मी त्या टोकाभोवती एक बारीक वर्तुळ कापून काढलं, उरलेल्या भागात सगळं रीतसर केलं, आणि मग वर्तुळ आकसत नेलं. फंक्शन एका मर्यादेबाहेर वाढत नाही हे सुरुवातीलाच धरलेलं होतं, त्यामुळे वर्तुळाची कड लहान होत गेली की तिचा वाटाही लहान होत शून्याला जातो. झालं. एका पानात बसलं. माझ्या सगळ्या प्रबंधाचा कणा त्या एका पानावर उभा राहणार होता.

ते पान घेऊन मी तुमच्या घरी आले तो दिवस. काकू माहेरी गेलेल्या आहेत, तुम्ही स्वयंपाकघरात स्वतःच चहा करताय. ओट्यावर कडक भाकरीचा डबा आणि शेंगाच्या चटणीची बरणी उघडी आहे. तुमची साखर तेव्हा फार वाढलेली होती, डोळ्यांचं काहीतरी सुरू झालेलं होतं, पण ते तुम्ही कुणाला बोलून दाखवत नव्हतात. तुम्ही पान घेऊन मोरीवरच्या खिडकीपाशी गेलात, उजेडात धरलंत, अगदी नाकाजवळ नेलंत. फार वेळ वाचलंत. इकडे दूध उतू गेलं, गॅस विझला, वास सुटला, मी धावत जाऊन बटण बंद केलं, आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नव्हता. मग तुम्ही कानावरची पेन्सिल काढलीत आणि खाली कोपऱ्यात फुली मारलीत.

"चूक हाय. शोध."

मी विचारलं, सर, टोकाजवळ आहे का? मी पुन्हा विचारलं तेव्हा तुम्ही चिडलात. "सांगितलं तर तुजी ऱ्हाईल व्हय ती? कडंकडंनं पळू नगंस." मग आपण त्या सांडलेल्या दुधातलं उरलंसुरलं घेऊन चहा प्यायलो. चटणी-भाकरी खाल्लीत तुम्ही, मला खायला लावलीत, आणि कुठल्याशा विहिरीचं पाणी कसं आटलं ते सांगत बसलात. मी हो-हो करत होते आणि मनात वर्तुळ आकसत नेत होते. ते तुमच्याबरोबरचं माझं शेवटचं बोलणं. त्यानंतर तुम्हाला दवाखान्यात नेलं, भेटायला कुणाला सोडत नव्हते, आणि मग तुम्ही गेल्याचाच निरोप आला.

तुमच्या घरी भेटायला आले तेव्हा ते पान माझ्या पर्समध्ये होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या, बायका येत होत्या, जात होत्या, आणि मला एकच विचारावंसं वाटत होतं: काकू, सर त्या पानाबद्दल काही बोलले होते का? टोक म्हणाले होते का? वर्तुळ म्हणाले होते का? लाज वाटली म्हणून गप्प बसले. पण माझं रडणं त्या दिवशी निम्मं तुमच्यासाठी होतं आणि निम्मं त्या चुकीसाठी, आणि कुठलं कशासाठी ते मला तेव्हाही वेगळं करता आलं नाही.

पुढे मला दुसरे मार्गदर्शक मिळाले. भला माणूस. त्यांनी पान बघितलं, फुली बघितली, आणि म्हणाले, सरांनी फुली मारली आहे ना, मग कशाला खोलात शिरता, तो लेमा काढून टाका. मी काढला. प्रत्येक प्रमेयाच्या सुरुवातीला एक अट घातली, जोड सगळीकडे साधा असेल तर. त्या एका अटीनं माझ्या कामातला जीवच गेला. जे कुणालाही सहज जमलं असतं ते मी दीडशे पानांत लिहिलं आणि डॉक्टर झाले. नोकरी लागली, वडिलांनी कारखान्यात साखर वाटली, सगळं यथासांग झालं. मला मात्र प्रबंध हातात घेतला की काटा काढलेली जागा दिसायची.

तुम्हाला वाटेल, एवढंच होतं तर कुणाला तरी दाखवायचं होतं. दाखवणार होते. एका परिसंवादाला ते पान घेऊन गेले होते, ह्याच विषयातले एक मोठे गृहस्थ आले होते. चहाच्या रांगेत मी त्यांच्या मागेच उभी होते. पान पर्समधून अर्धं बाहेर काढलं आणि परत आत ठेवलं. तुम्ही शोध म्हणाला होतात, कुणाला विचार म्हणाला नव्हतात. हा काय मूर्खपणा, असं आता वाटतं. पण तुम्हीच घडवलेला मूर्खपणा आहे तो, त्याचा दोष मी एकटी घेणार नाही. दर दिवाळीच्या सुट्टीत फराळाचं झालं की ते पान काढायचं, टोकाशी जाऊन बसायचं, काही न सापडता परत ठेवायचं. घरातल्यांना वाटायचं, ही पेपर तपासते आहे.

आणि आता माझी विद्यार्थिनी. अक्कलकोटकडची, शेतकऱ्याच्या घरातली, चिंचोळीजवळ ज्युनिअर कॉलेजात तात्पुरत्या पदावर शिकवते. माहेरी निम्मं कानडी, सासरी मराठी, आणि रागावली की दोन्ही एकदम. तास आटोपून स्कूटीवर येते, हेल्मेट माझ्या टेबलावर आपटते आणि बोलायला लागते. मुदतवाढ घेऊन झालेली आहे, ह्या महिन्यानंतर तिची नोंदणी संपते. प्रबंध सादर झाला नाही तर पाच-सहा वर्षांचं काम मातीत जाणार आणि कायम पदाचा विषयही मिटणार. हे तिलाही माहीत, मलाही माहीत. गेल्या महिन्यात ती तिसरं प्रकरण घेऊन आली. मी वाचायला लागले, आणि मधल्या एका पानावर माझा हात थांबला. दोन तुकडे, एक जोड, आणि जोड एका काट्यासारख्या टोकाला जाऊन परत फिरलेला. माझ्या प्रबंधात हे कुठेच नव्हतं, तिला माझ्याकडून मिळायचा प्रश्नच नव्हता. तिच्या वाटेनं ती तिथे पोचली होती. तिचं सगळं प्रकरण ह्याच एका लेमावर उभं होतं.

मी पेन्सिल घेतली आणि खाली फुली मारली, सर. हात आपोआप गेला. म्हणाले, चूक आहे, शोध. ती गेली. आठवड्यानं परत आली, म्हणाली, मॅडम, मला न्हाई गावली. मी म्हणाले, पुन्हा बघ. ती पुन्हा गेली, पुन्हा आली, आणि ह्या वेळी हेल्मेट आपटलं नाही, हळूच ठेवलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं. ती समोर बसली आणि माझ्या डोळ्यात बघून म्हणाली:

"मॅडम, रागावू नका. चूक कुटं हाय ते तुमाला तरी म्हाईत हाय का?"

मला खोटं बोलता आलं असतं. शोध, सांगितलं तर तुझी राहील का, हे वाक्य तोंडात तयार होतं. पण तिच्या चेहऱ्यावर महिनाभराचं जागरण होतं. मी म्हणाले, नाही, मला माहीत नाही. मग तिला सगळं सांगितलं: तुमची फुली, उतू गेलेलं दूध, दिवाळीच्या सुट्ट्या. ती ऐकत होती. मला वाटलं चिडेल. चिडली नाही, हेच जास्त लागलं. म्हणाली, म्हंजे तुमच्या सरांनी फुली मारली म्हणून मी महिना घालवला? मी म्हणाले, हो. मग ती म्हणाली, आता त्यांना तर इचारता येत न्हाई. आपणच बघू की. आणि उठून फळा पुसला.

दुपारभर मी तिच्या अंगावर गेले. तुम्ही शिकवलेलं एकूण एक वाईट फंक्शन तिच्यासमोर टाकलं. उंबरा टाकला, ती म्हणाली, जोडावर किमती जुळत न्हाईत, ह्यो आपल्यात बसतच न्हाई. जवळजवळ सगळीकडे उतार शून्य असूनही वर चढत जाणारा तो लबाड जिना टाकला, तिनं तोही दारातच अडवला, त्याला वीक डेरिव्हेटिव्हच न्हाई, म्हणाली. मग मी टोकाशी गेले. तिथे काय, सांग. मला वाटलं ती माझंच वर्तुळ काढेल. तिनं वर्तुळ काढलंच नाही. तिनं अख्ख्या प्रदेशावर उभ्या रेघा मारल्या, मग आडव्या रेघा मारल्या, आणि त्या टोकावर खडू टेकवून म्हणाली:

"ह्या टोकातनं उभी रेघ किती जाती? एक. आडवी? एक. बाकीच्या रेघांना हितं टोक हाय ह्याची खबरच न्हाई. त्यांच्यावर फंक्शन नीट चालतंय. दोन रेघा सोडून देऊ की."

दोन रेघा सोडल्या तर इंटिग्रलला काही फरक पडत नाही. जवळजवळ सगळ्या रेघांवर फंक्शन न तुटता जात असेल आणि उतार आटोक्यात असेल तर ते सोबोलेव्ह स्पेसमध्ये असतं, हे जुनं, पक्कं प्रमेय आहे, मी दर वर्षी शिकवते. फळ्यावर उभेआडवे धागे होते, समोर अख्खं कापड होतं, आणि मी मागवाल्याची मुलगी ते वीस-बावीस वर्षं बघू शकले नाही. वडिलांच्या कारखान्यात एक धागा तुटला तरी माल बाजूला पडायचा, मालक ओरडायचा. एका धाग्याला किंमत नसते हे आमच्या घरात कुणाला सांगूनही पटलं नसतं. म्हणूनही असेल. नाहीतर तुमच्या फुलीमुळे असेल. काहीही असो, मला दिसलं नाही याचाच मला संताप आहे.

मी खुर्चीत बसून राहिले. तिनं विचारलं, मॅडम, हाय का चूक? मी म्हणाले, नाही. मग तिच्या पानाखालची फुली मी खोडरबरानं पुसली, आणि प्रकरणावर सही केली. जाताना ती माझ्या पाया पडली, ते मला अजिबात आवडलं नाही. संध्याकाळी घरी येऊन मी माझं वर्तुळ पुन्हा तपासलं. काल पुन्हा तपासलं. तेही बरोबर आहे, सर. पहिल्यापासून बरोबर होतं.

मग तुम्ही काय बघितलंत? हे तरी सांगा. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं म्हणून आकृतीतलं ते टोक तुम्हाला वेगळंच काहीतरी दिसलं? का वरची अट, फंक्शन मर्यादेबाहेर जात नाही ती, वाचायची राहून गेली? का दुखणं अंगात होतं, घाई होती, आणि मन दुसरीकडेच होतं? का तुम्हाला खरंच असं काही दिसलं होतं जे मला आणि तिला मिळूनही दिसत नाही? चुकलात तर तुम्ही कबूल करायचात. एकदा फळाभर मांडून झाल्यावर म्हणाला होतात, माजंच चुकलं, आणि सगळ्या वर्गाला चहा पाजला होतात. तुम्ही आणखी महिनाभर जगला असतात तर ह्याही वेळी म्हणाला असतात. तेवढाही वेळ मिळाला नाही, त्यात कुणाचा दोष नाही, आणि म्हणूनच मला जास्त राग येतो. दोष असता तर कुणाच्या तरी पदरात घालता आला असता.

ते जुनं पान आता समोर आहे. कडा पिवळ्या पडल्यात, घडीवर फाटत आलंय, फुली अजून दिसते. फुलीशेजारी बरोबर असं लिहावं म्हणून पेन उघडलं होतं, परत बंद केलं. हे पत्रही कुठे टाकणार? काकू मुलाकडे पुण्याला होत्या, त्याही गेल्या. करकंबच्या घराला कुलूप असतं म्हणे.

एक सांगायचं राहिलं. ती फळ्यावर मांडत होती तेव्हा मी मनातून काय मागत होते ते. चूक निघू दे, असं मागत होते. त्यात तिची पाच-सहा वर्षं बुडाली असती, नोकरी गेली असती, हे मला त्याही क्षणी माहीत होतं. तरी तेच मागत होते. चूक निघाली असती तर तुम्ही बरोबर निघाला असतात, आणि दिवाळीत ते पान काढून तुमच्यासमोर बसता आलं असतं. हे मी तिला सांगितलेलं नाही.